मोरावरची फियाट

त्या सोमवारी मी तीनदा हात वर केला. तिन्ही वेळा मला 'नको' म्हणायचं होतं. पुढं जे झालं, त्याचं सगळं श्रेय आमच्या बसवप्रभा अपार्टमेंटमधले लोक मला देतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी कुणाबद्दल तक्रार करत नाही. तसा माझा नेमच आहे. पहाटे उठायचं, अंघोळ करून विभूती लावायची, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, तोवर पाण्याचा थेंब नाही. आणि दिवसभरात कुणाला नावं ठेवायची नाहीत. पहिले नेम सोपे आहेत. शेवटचा पाळताना आमच्या सोसायटीत राहावं लागू नये, एवढंच.

गोष्ट अप्पांची आहे. अप्पा म्हणजे माझे वडील, चनबसप्पा. रेल्वेत गार्ड होते, होटगीला घर बांधून राहिले. आई मागल्या पौषात लिंगैक्य झाली, म्हणजे वारली, आणि चैत्रात मी अप्पांना सोलापूरला आमच्याकडं घेऊन आले. आले ते पाहुण्यासारखे आले. चार महिने झाले तरी, "गौरव्वा, पाणी घेऊ का गं?" असं विचारून पाणी घ्यायचे. पंखा लावायचा झाला तरी आमच्या ह्यांच्याकडं बघायचे. हे म्हणजे गुरुराज, माझे यजमान. ते बिचारे उठून पंखा लावायचे आणि मग दोघंही पंख्याकडं बघत बसायचे.

होटगीला अप्पांचं तसं नव्हतं. तिथं परसात पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची मोतिया रंगाची जुनी फियाट होती. अकरा वर्षं ती जागची हलली नव्हती. पण रोज संध्याकाळी पाचला अप्पा तिच्यात स्टिअरिंगपाशी बसायचे, आई चहाचे दोन कप घेऊन शेजारी बसायची, आणि दोघं समोरच्या काचेतून शेवग्याच्या झाडाकडं बघत चहा प्यायचे. लहानपणापासून मी दोघांना एकमेकांशी फार बोलताना पाहिलं नाही. जे काही बोलले असतील ते त्या गाडीत, काचा वर करून.

आता घर विकलं होतं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी किल्ली द्यायची होती. अप्पा म्हणाले, "सोमवारी संध्याकाळी जातो. शेवटची रात्र घरात झोपतो, सकाळी किल्ली देतो, आणि मग तिथल्याच मठात राहतो. खाट आहे, दोन वेळचं जेवण आहे. तुम्हाला कशाला..." वाक्य पुरं केलं नाही. मी विचारलं, "आणि गाडी?" तर म्हणाले, "भंगारवाल्याला सांग."

मी हो म्हटलं. अप्पांशी खोटं बोलण्याची माझी ती पहिली वेळ. प्रायश्चित्त म्हणून आणि नवस म्हणून श्रावणातले चारही सोमवार मौन धरलं, उठल्यापासून सांजदिवा लागेपर्यंत. मागणं एकच होतं, अप्पांनी मठात जाऊ नये, माझ्याकडं राहावं. आणि देवावर सगळाच भार टाकू नये म्हणून मनाशी ठरवलं, की फियाट सोलापूरला आणायची.

फियाट आणायची म्हटल्यावर पहिल्यांदा कळलं की ती गाडीच नाही. सोसायटीचे चेअरमन नंदीशअण्णा म्हणाले, "वहिनी, पार्किंग वाहनासाठी असतंय. जे चालत नाही ते वाहन नाही, ते सामान. आणि सामान पार्किंगमध्ये ठेवायला बंदी आहे. सामान आपापल्या घरात ठेवायचं."

"आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो," मी म्हटलं.

"ते मला माहितीय की," नंदीशअण्णा म्हणाले. "मी नियम सांगतोय. तुम्ही आरटीओचा कागद आणा, की हे वाहन आहे."

आरटीओच्या दारात झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या एजंटानं कागद उलटेपालटे केले. "मुदत संपलीय. नवीन करायची तर गाडी हितं आणून दाखवा." आणतो म्हटल्यावर म्हणाला, "आणता येणार नाही. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर कशी आणणार?" ह्यांनी कागदांची पुन्हा घडी घातली. मग एजंटालाच दया आली. "एक काम करा. ट्रेलरवर चढवा. ट्रेलरवर चढली की ती गाडी नाही, तो माल. मालाला काय, कुठंबी न्या."

म्हणजे रस्त्यावरून यायचं तर तिनं माल व्हायला हवं, आणि फाटकातून आत यायचं तर वाहन. मी मनात म्हटलं, माणसाच्या जन्माचंही असंच आहे. हे ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "ते राहू दे, ट्रेलर कुठं मिळतो बघू."

शेजाऱ्यांनी सल्ले दिले. कुणी म्हणालं, दोराला बांधून टोचन करून आणा. कुणी म्हणालं, सुटी करून पोत्यात भरून आणा. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी विचारलं, "त्यापेक्षा अप्पांना एक आरामखुर्ची का नाही घेत?"

गाडी ओढायची जबाबदारी आबासाहेबांनी घेतली. हे ह्यांचे जुने मित्र, मोडनिंबचे. त्यांच्याकडं पांढरी एसयूव्ही आहे, एवढी मोठी की तिच्यात चढताना मी मनात पायरीला नमस्कार करते. फोनवरच म्हणाले, "वहिनी, आमच्या गाडीनं चिखलातनं उसाचा ट्रॅक्टर वडलाय. तुमची फियाट म्हंजे काय, खेळणं हाय. सोमवारी सोलापुरात कांदा टाकायला येणारच हाय मी. दोन कामं व्हत्यात. लई सोप्पं!"

राहिला ट्रेलर. तो मिळाला शिवयोगीकडं, अक्कलकोट रोडला. शिवयोगी लग्नाच्या मिरवणुकांचे रथ भाड्यानं देतो. "सपाट ट्रेलर एकच हाय, सर," तो ह्यांना म्हणाला. "पण त्याच्यावर मोर हाय." पुढच्या टोकाला फायबरचा मोर होता, पुरुषभर उंच, पिसारा फुलवलेला, पिसाऱ्यात तीनशे दिवे. नवरा-नवरी त्याच्या पोटाशी बसतात. हे म्हणाले, मोर काढून द्या. शिवयोगी दुखावला. "वेल्डिंग केलाय. मोर काढला तर राहिलं काय त्या ट्रेलरमध्ये?"

असा तो चौथा, शेवटचा सोमवार उजाडला. मी मौनात. अप्पा गॅलरीत पिशवी भरून तयार, पाच वाजता सीटा भरून चालणाऱ्या वडापच्या रिक्षानं होटगीला निघणार होते. आम्ही तीनला गाडी घेऊन फाटकात यायचं, अप्पांना खाली बोलवायचं, एवढाच बेत. मी त्यांच्यासाठी झाकून ठेवलेल्या भाकरीवर चिठ्ठी ठेवली, 'कामाला जाऊन येते.' आणि वडापनंच पुढं होटगीला निघाले, एसयूव्ही ट्रेलर घेऊन मागून येणार होती.

माझ्याजवळच्या जादा किल्लीनं होटगीच्या घराचं कुलूप काढताना माझे डोळे भरले. आबासाहेबांना वाटलं धूळ गेली. "धूळ लई हाय की," असं म्हणून त्यांनी मला स्वतःचा रुमाल दिला. त्याला कांद्याचा वास होता, त्यामुळं पुढं कुणाला काही समजावण्याची गरज पडली नाही.

फियाटच्या मागच्या चाकाशी एक काळा, गुळगुळीत दगड होता. अकरा वर्षं तो तिथंच होता. चाक सरकू नये म्हणून अप्पांनी लावलेला. गल्लीतल्या लोकांनी हात लावले, मांडवाचे दोर बांधले, फळ्या लावल्या आणि फियाट 'हय्या हय्या' करत ट्रेलरवर चढवली. पण पुढं मोर! फियाटचं नाक मोराच्या शेपटाला टेकलं आणि तिथंच अडलं. त्यामुळं गाडीचा पार्श्वभाग ट्रेलरच्या मागच्या कडेपर्यंत आला. शिवयोगीनं निघताना बजावलं होतं, "वजन पुढं पायजे बरं का सर. मागं झालं तर ट्रेलर शेपूट हलवतोय." पण मोराला ते कोण सांगणार? दगडही उचलून पुन्हा मागच्या चाकाशी लावला.

"हँडब्रेक काय काम करंना," आबासाहेब म्हणाले. "कुणीतरी ब्रेकवर पाय दाबून बसाय पायजे. न्हायतर चढाला मागं सरकंल."

एसयूव्हीत मागं कांद्याची नऊ पोती होती. ह्यांना पुढं बसून रस्ता दाखवायचा होता. दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी हात वर केला, म्हणजे, नको.

"बगा, वहिनी तयार झाल्या!" आबासाहेब म्हणाले. हा पहिला हात.

तर मी फियाटमध्ये बसले, स्टिअरिंगपाशी, ब्रेकवर उजवा पाय. आणि सांगते, दार लावलं आणि बाहेरचं सगळं बंद झालं. आत तोच वास होता. तापलेलं रेक्झिन, खोबरेल तेल, आणि कुठंतरी वाळलेली चहाची पत्ती. गाडी हलली. माझ्या पायानं नाही, स्टिअरिंगनंही नाही, आपोआप, अलगद. मी जमिनीपासून इतकी उंच होते की तुरीची शेतं खालून हिरव्या पाण्यासारखी वाहत होती. समोर मोराचा पिसारा. आबासाहेबांनी ब्रेक दाबला की पिसाऱ्यातले तीनशे दिवे पेटायचे, कारण शिवयोगीनं दिव्यांची वायर एसयूव्हीच्या मागच्या लाल दिव्याला जोडली होती. एकदा समोर म्हैस आली म्हणून आबासाहेबांनी गाडी मागं घेतली, तर मोराच्या पोटातून सनई वाजायला लागली. रस्त्याकडेची माणसं उठून उभी राहत होती. मी पदर डोक्यावरून घेतला आणि नजर समोर ठेवली. पन्नाशी उलटलेल्या बाईनं मोरावरून जाताना कसं दिसावं, ह्याचं मला कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

गावाबाहेर पोलिसांनी अडवलं. हवालदार साहेबांनी एसयूव्हीला चक्कर मारली, मोराला चक्कर मारली.

"ट्रेलरवर काय आहे?"

"माल," ह्यांनी पाठ केलेलं उत्तर दिलं.

"मालात बाई बसल्यात?"

हे गडबडले. "त्या... त्यांचं मौन आहे."

हवालदारांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्यावर पदर, समोर मोर. नियमभंगाची वही त्यांनी हळूच बगलेत धरली. "कुठल्या मठाच्या अम्मा?" त्यांनी ह्यांना दबक्या आवाजात विचारलं. ह्यांनी 'माझ्या घरच्या' असं सांगायला तोंड उघडलं, पण हवालदार ट्रेलरशी पोचलेसुद्धा. टोपी काढून म्हणाले, "अम्मा, दोन वर्षं झाली, बदली होईना. पोरं बार्शीला आहेत."

मी घाबरून हात वर केला. नको, नको, मी कुणी नाही. तळहात त्यांच्याकडं, बोटं जुळलेली. हवालदारांनी डोळे मिटून मस्तक झुकवलं. हा दुसरा हात. पुढच्या नाक्यावर कुणी अडवू नये म्हणून त्यांनी फोनही करून ठेवला. ते पोरांजवळ लवकर जावेत, असं मी तेव्हापासून रोज मागते. झाल्या चुकीची भरपाई म्हणून तेवढं तरी करावं.

पुढं दोन किलोमीटरवर चढ आहे. मागं वजन असल्यानं ट्रेलर मघापासून शेपूट हलवतच होता. मला आपलं झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटून गुंगी येत होती. चढाला लागलो आणि 'खट्' आवाज झाला. जोडाची पिन उडाली. एसयूव्ही पुढं निघून गेली, आणि ट्रेलरची मागची कड कर्रर्र करत रस्त्याला टेकली. मोर सावकाश, डौलानं, मान वर करत आकाशाकडं उठला. त्याच्याबरोबर मीही. एका क्षणात मी पाठीवर होते आणि समोरच्या काचेत पिसाऱ्यापलीकडं नुसते ढग.

मी जीव खाऊन ब्रेक दाबला.

हे धावत आले. आबासाहेब धावत आले. खालून कुठूनतरी ह्यांचा आवाज आला, "लागलं नाही ना? उतरतेस का?" ब्रेकवरचा पाय काढला तर फियाट मागं घसरून रस्त्यावर, आणि मग तिचं खरंच भंगार. मी कशी उतरू? पिन शोधायला दोघं गवतात वाकले. मिळाली नाही. आबासाहेब म्हणाले, "शिवयोगीकडनं दुसरी आणाय पायजे. मला त्याचं दुकान कुटं गावंल? गुरुराज, तुमी चला. वहिनी, आमी जाऊन येऊ का?"

मी खिडकीतून हात बाहेर काढून वर केला. थांबा! एकटीला सोडून जाऊ नका!

"तिची हरकत नाही," हे म्हणाले. तीस वर्षांच्या संसारानंतर. मी तक्रार करत नाही. हा तिसरा हात.

आणि मग शांत झालं. एसयूव्हीचा आवाज विरला. वारा, साळुंक्या, लांबवर मालगाडी. श्रावणातले ढग इतक्या जवळून मी कधी पाहिले नव्हते. एक ढग आईच्या पाठीसारखा वाटला, ती चुलीपुढं बसायची तसा. तो सरकला आणि मागून ऊन आलं. पायाला मुंग्या आल्या होत्या, साडेतीन वाजून गेले होते, अप्पा पाचला निघणार होते, सगळं बिघडत चाललं होतं. आणि तरी मला तिथून कुठं जावंसं वाटत नव्हतं. लहान असताना आम्ही अक्कलकोटहून परतायचो तेव्हा मी मागच्या सीटवर अशीच आडवी पडून काचेतून तारांच्या ओळी बघायची. तेव्हाही गाडी कोण चालवतंय, कशानं चालतेय, ह्याची काळजी नसायची.

पण तासाभरानं एक केलं. आमच्या आईची सवय, जे उपयोगी पडेल त्याला विभूती लावायची. जात्याला, शेगडीला, एकदा रेल्वेच्या कंदिलालाही लावली होती. खिडकीतून मागं वाकल्यावर मला चाकाशी लागलेला तो काळा दगड दिसत होता. रस्त्यानं एक म्हातारी शेतातून येत होती. मी विभूतीची गोळी खिडकीतून तिच्यापुढं धरली आणि दगडाकडं बोट दाखवलं. तिनं आधी मला पाहिलं, मग मोर पाहिला, जो नाक वर करून थेट आभाळात बघत होता. मग दगडाला तीन बोटं ओढली. मी हात जोडले, इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. उजवा पाय ब्रेकवर.

डोळे उघडले तर पंधरा बायका होत्या.

त्या म्हातारीचं नाव सोनाबाई. "आगं बाया, बोलत न्हाय, बोलत न्हाय," ती सगळ्यांना सांगत होती. "मोरावर बसून आलीया. हितं आमच्या शिवंला आली आन् देव म्हनला, मी हितंच ऱ्हातो. रथ जागचा हलंना की! त्यो बगा दगुड. त्यानंच धरलाय रथ." दगडावर फुलं होती. कुणी नारळ ठेवला होता. कुणी माझ्या खिडकीतून शेंगाची चटणी-भाकरी आत सरकवली. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी वाहनं थांबायला लागली. थांबलेल्या माणसांना जागेवरच दर्शन घडत असल्यानं कुणी हॉर्नही वाजवेना.

मला एक वाक्य बोलता आलं असतं तर सगळं मिटलं असतं. 'बाई, तो होटगीच्या शेडमधला दगड आहे.' सांजदिव्याला दोन तास होते. ओठांपर्यंत आलं. पण मौन अप्पांसाठी होतं आणि गाडीही अप्पांसाठी. एकीसाठी दुसरं मोडायचं? बोलले तर नवस जातो, न बोलले तर गाडी इथंच देवळात जमा होते आणि अप्पा तर आता मोकळ्या शेडकडं निघालेच असणार. मी तशीच ढगांकडं बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं. ते बघून बायकांनी आरती सुरू केली.

आणि तेवढ्यात खोळंबलेल्या वाहनांत उभ्या असलेल्या एका वडापच्या रिक्षातून पिशवी घेऊन अप्पा उतरले.

मी त्यांना आरशात पाहिलं. ते गर्दीतून वाट काढत आले, फियाटपाशी थांबले. नंबरप्लेटवरून हात फिरवला. मग वर माझ्याकडं पाहिलं. चढावर चढल्यासारखे ट्रेलर धरत धरत आले, डावीकडचं दार उघडलं आणि आईच्या जागेवर बसले.

"याकव्वा?" एवढंच म्हणाले. का गं बाळा?

मी ओठांवर बोट ठेवलं. मग स्टिअरिंगवर हात ठेवला, मग त्यांच्या छातीवर. अप्पा समजले. मौनातलं माणूस त्यांनी पन्नास वर्षं सांभाळलं होतं. आईही श्रावणात बोलायची नाही.

"मला वाटलं भंगारात गेली," ते म्हणाले. थोडा वेळ तेही ढग बघत बसले. मग त्यांची नजर माझ्या पायाकडं गेली. "पाय असा काय धरलायस?"

मी ब्रेककडं बोट दाखवलं.

अप्पा हसले. पौषानंतर पहिल्यांदा. "त्याला ब्रेक कुठं आहेत? अकरा वर्षांपूर्वीच सगळं काढलंय मी. नुसतं पेडल आहे. तुझी आई म्हणायची, तुम्हाला पाय ठेवायला तेवढं तरी राहू द्या."

मी घाबरत घाबरत पाय उचलला. फियाट तसूभरही हलली नाही.

मी अप्पांकडं पाहिलं. मग कशानं थांबलीय?

"दगडानं," अप्पा म्हणाले.

दोन तास मी जिला धरून ठेवलंय असं समजत होते, तिला सोनाबाईचा देवच धरून होता. म्हणजे बायकांचं सगळं खरंच होतं, फक्त माझ्याबद्दलचं सोडून.

एसयूव्ही नवी पिन घेऊन आली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. आबासाहेबांनी गर्दी बघून लांबूनच गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. पण ट्रेलरला हात लावायला कोण देतंय! "देव हलवू नगा," सोनाबाई आडवी उभी राहिली. "त्यो आमच्या शिवंत थांबलाय."

आबासाहेब चिडले. "म्हातारे, दगूड हाय त्यो!"

"तुमी दगूड म्हना. चार चाकं अडवली त्यानं. तुमच्या एवढ्या मोठ्या गाडीला जमलं का?"

आबासाहेबांच्या मानाला लागलं. ते बाह्या सरसावून पुढं झाले. तेव्हा अप्पा खाली उतरले. गार्डाच्या आवाजात, ज्या आवाजानं होटगी जंक्शनवर गाड्या सुटायच्या, ते हात जोडून म्हणाले, "आजी, शरणू. देव थांबलेला नाही. त्याला इथं राहायचं असतं तर झाडाखाली बसला असता. तो गाडीच्या चाकाशी का बसला? त्याला गाडीबरोबर जायचंय. अकरा वर्षं मी त्याला एका जागी बसवून ठेवलं. आता त्यानं वाट धरलीय. तुम्ही त्याला पोचवायला चला."

सोनाबाईनं विचार केला. "कुटवर?"

"माझ्या लेकीच्या घरापर्यंत."

मग अप्पांनी सगळं हाती घेतलं. एसयूव्हीतली कांद्याची पोती उतरवली आणि एकेक करून मोराच्या पायाशी रचली. पुढं वजन आलं तसा मोर हळूहळू मान खाली घालत नम्र झाला. नवव्या पोत्याला जोड जोडाला लागला, पिन बसली. पोती निघाल्यानं एसयूव्हीत जागा झाली, तिथं सोनाबाई आणि सहाजणी बसल्या. "काय गार हाय गं बाई," एवढं ऐकू आलं, मग काचा वर गेल्या. अप्पा आणि मी फियाटमध्ये. जागा बदलली. ते स्टिअरिंगपाशी, मी आईच्या जागेवर. वाटेत वळणावर ते स्टिअरिंग फिरवत होते. मी त्यांना काही म्हटलं नाही. म्हणता येतही नव्हतं.

सोलापुरात शिरलो तेव्हा दिवेलागण होत होती. बसवप्रभाच्या फाटकात नंदीशअण्णा नियमांची फाइल घेऊन उभे होते. त्यांना समोरून तीनशे दिव्यांचा मोर येताना दिसला. एसयूव्हीतून सात बायका आरती म्हणत उतरल्या. आबासाहेबांनी गाडी फाटकाकडं मागं घेतली आणि सनई वाजायला लागली. नंदीशअण्णांनी फाइल काखेत धरून आधी चपला काढल्या.

"हे... वाहन आहे का सामान?" त्यांनी तरी विचारलं. मी त्यांना मानते.

"वाहन," सोनाबाई म्हणाली. "द्येवाचं." आणि दगडाला हात जोडून उभी राहिली. नंदीशअण्णांच्या मिसेसनी तेवढ्यात वरून ओवाळायचं ताट आणलं.

वर कुणाच्या तरी घरी सांजदिवा लागला. मौन सुटलं. आता बोलायला हरकत नव्हती, आणि मला एकच विचारायचं होतं. उद्या किल्ली दिली की अप्पा कुठं जाणार? पण धीर होईना.

अप्पा गाडीतून उतरले नव्हते. काच खाली करून म्हणाले, "गौरव्वा, उद्या सकाळच्या गाडीनं जाऊन किल्ली देऊन येतो. पाचपर्यंत परत येतोय. चहा खालीच आण. आणि वर जाऊन पंखा लाव, लई उकडतंय."

विचारलं नाही, सांगितलं. मी हात वर केला. हा चौथा. ह्या वेळी म्हणायचं होतं तेच सगळ्यांना कळलं.

ह्याला आता तीन महिने होतील. फियाट जिन्याखाली उभी आहे. चाकाशी दगड आहे. सोसायटीच्या सभेत एकमतानं ठराव झाला, की सदर वाहन जागेवरून हलवू नये. नंदीशअण्णा कामावर जाताना दगडाला हात लावून जातात. मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

फियाटसमोर नुसती भिंत होती. ह्यांनी तेलाच्या डब्यात होटगीच्या शेवग्याची फांदी लावून तो डबा काचेसमोर आणून ठेवला. मला चढावर एकटीला सोडून गेल्याची भरपाई असावी. त्या फांदीला आता बोटभर पालवी फुटलीय. पाचला मी चहाचे दोन कप घेऊन उतरते, आईच्या जागेवर बसते. आम्ही फार बोलत नाही. काल अप्पांनी शेवग्याकडं बघत स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि विचारलं, "थोडी पुढं घेऊ का गं?"

"घ्या," मी म्हटलं. "सावकाश."